समुई बेटावर बिनचुलीचे आठ दिवस

चारकोपच्या आमच्या सेक्टरात थायलंडला जाऊन आलेली माणसं बरीच आहेत. कोणी कंपनीच्या खर्चाने गेलं, कोणी झेंडा धरून पुढे चालणाऱ्या टूरवाल्याच्या मागून गेलं. पण बायकोला आठ दिवस चुलीपासून लांब ठेवायचं, एवढ्या एकाच कलमासाठी समुद्रातलं बेट निवडून, त्याचं ड्रॉइंग काढून, जॉब पुरा करून आलेला माणूस दहिसर चेकनाक्यापासून साकीनाक्यापर्यंत मी एकच. हे मी म्हणत नाही, सोसायटीत कोणालाही विचारा. अर्थात त्यांना हे मीच सांगितलंय.

बेत

मी एकतीस वर्षं साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवला. असा चालवला की मालक नवीन मशीन आणायचा तेव्हा आधी मशीनला माझी ओळख करून द्यायचा. माझी बायको मंगल गेली सव्वीस वर्षं चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कामगारांना जेवणाचे डबे देते. रोज चाळीस. मी रिटायर झाल्यापासून ते स्कूटरवरून पोचवायचं काम माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर मंगलचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना, केस विंचरता येईनात, पण चाळीस डबे बाराच्या ठोक्याला तयार. डॉक्टर म्हणाले, महिनाभर हाताला विश्रांती. मंगल हसली. मग डॉक्टर पंधरा दिवसांवर आले. भाजीवाल्याशी करते तशी तिने त्यांच्याशी घासाघीस केली आणि आठावर सौदा पटला.

त्याच दवाखान्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. निळं पाणी, वाकलेला माड, माडाखाली एक रिकामी खुर्ची आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत थायलंडच्या समुई बेटाचं नाव. मंगल त्या चित्राकडे बघतच राहिली. मी म्हटलं, माड आणि समुद्रासाठी एवढ्या लांब कशाला, आपल्या मालवणात दोन्ही घराच्या पायरीपाशी आहेत. त्यावर ती म्हणाली,

"गावच्या माडाखाली खुर्ची टाकून बसलंय, तर पाच मिनटात कोण तरी येऊन म्हणतला, वयनी, जरा चाय टाका."

खरंच होतं. आम्ही चाकरमानी. आमची रजा म्हणजे गाव. गणपतीला रजा, शिमग्याला रजा, मे महिन्यात रजा, आणि प्रत्येक रजेत मंगलने मुंबईच्या चाळीस डब्यांऐवजी गावी साठ पानं वाढलेली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण जिथे तिला कोणी वहिनी, काकी, मामी म्हणणार नाही अशा जागी ती एक दिवससुद्धा राहिलेली नव्हती. मी तिथेच दवाखान्याच्या बाकावर शब्द दिला की आठ दिवस तू चुलीकडे बघायचंसुद्धा नाही. ती म्हणाली, "आणि तुमी माका इचारूचा नाय, आज जेवणाक काय." मी म्हटलं, मंजूर.

मग आखणी. दहिसरला दिलेली आमची मुलगी प्राजक्ता म्हणाली, बाबा, मोबाइलवर पाच मिनिटांत होतं सगळं. पाच मिनिटांत होणाऱ्या कामावर माझा विश्वास नाही. मी चांगला जाड कागद आणला, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेतली, आणि विमान, बस, बोट असा आख्खा प्रवास मापात काढला. कुठल्या जोडाला किती मिनिटांची सूट, कुठे एक सूतही इकडेतिकडे चालणार नाही, सगळं. सोसायटीतली माणसं ते ड्रॉइंग बघायला चपला काढून आत यायची. (दोघं आले होते. पण चपला काढून.) तिकिटं शेवटी प्राजक्ताने काढली, पण माझ्या ड्रॉइंगप्रमाणेच निघाली, हे तिने अजून कबूल केलेलं नाही.

सोबतीला कांबळे. वर्कशॉपमध्ये त्याचा लेथ माझ्या लेथच्या शेजारी, म्हणजे आम्ही एकमेकांचं बोलणं एकतीस वर्षं ओरडूनच ऐकलेलं. मूळचा सोलापूरकडचा. त्याची बायको मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती, आणि त्या बेटावर जागोजागी बुद्धविहारं आहेत हे कळल्यावर त्याला थांबवायला पोलीसच लागले असते.

डबे आठ दिवस बंद राहतील हे सांगायला मी इस्टेटीत फिरलो, तर प्रत्येक युनिटात एकच प्रश्न: कोण गेलं? डबे बंद व्हायचं कारण सुट्टी असू शकतं, हे कोणाला पटेचना. एकाने तर माझा हात हातात घेऊन विचारलं की आईंना शेवटी त्रास नाही ना झाला. माझी आई त्या वेळी गावी धाकट्या भावाशी कुंपणावरून भांडत होती.

सामानाबाबत मंगलने कायदा केला. घरातली एक मिरचीसुद्धा न्यायची नाही. मसाला दिसला की कोणाला तरी शिजवावंसं वाटतं, आणि तो कोणीतरी कोण असतो ते तिला ठाऊक होतं. मला पटलं. मी फक्त पाव किलो मालवणी मसाला, थोडी कोकमं आणि बांगड्यात घालायची मूठभर तिरफळं घेतली. तीही शिजवायला नव्हे, तिथल्या पांचट जेवणावर भुरभुरायला. आणि माझ्या बॅगेत नव्हे, तो कायद्याचा भंग झाला असता. कांबळ्याच्या बॅगेत.

धक्का

मधला प्रवास सांगत नाही. दोन विमानं, एक बस, एक बोट, आणि चौघांनीही माझ्या ड्रॉइंगची लाज राखली.

बेट दिसायला लागलं तेव्हा मी मालवणचा माणूस टोपी काढून उभा राहिलो, यावरून ओळखा. माड इतके दाट की वाऱ्याला आत शिरायचं तर तिरकं व्हावं लागतं. पाणी असं की तळातला मासा आपल्याकडे बघतोय की आपण त्याच्याकडे, याचा निकाल लागत नाही. आमचं गेस्टहाउस म्हणजे माडांच्या बागेत पाच लाकडी खोल्या आणि मागे उघडं स्वयंपाकघर. मालकीणबाईचं नाव पा नोई. 'पा' म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. तिथेही परक्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, वय बघून मावशी-काका करतात, आणि घरात शिरताना चपला बाहेर. मी मनात म्हटलं, ही माणसं आपल्यातलीच, मधे कोणीतरी बंगालचा उपसागर टाकलाय.

गडबड एकच झाली. धक्क्यावर सगळ्यांच्या बॅगा ढिगाने उतरवल्या आणि ढिगानेच गाड्यांत भरल्या, त्यात कांबळ्याची बॅग भलत्याच गाडीत गेली.

"वाट लागली, परबा," कांबळे म्हणाला. "प्रेशरच्या गोळ्या त्यात, कपडे त्यात. सगळंच त्यात."

मी म्हटलं, हो ना, सगळंच. माझा मसाला आणि तिरफळंही त्यातच, पण ते मला मोठ्याने सांगता येत नव्हतं.

पा नोईने चार ठिकाणी फोन लावले. मंगल आंघोळीला गेली होती. तेवढ्यात मला अंगणात खांबावर उभं केलेलं एक बाहुलीच्या घराएवढं देऊळ दिसलं. समोर फुलं, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली, तीही देवाला त्रास नको म्हणून नळी घालून. पा नोईने मोबाइलवर भाषांतर करून सांगितलं की हा या जागेचा धनी, त्याला विचारल्याशिवाय इथे काही होत नाही. आमच्याकडे यालाच राखणदार म्हणतात. त्याला आम्ही विडी देतो, हे सरबत देतात.

राखणदार दिसला आणि कोकणातला माणूस गाऱ्हाणं न घालता पुढे गेला असं होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून खणखणीत आवाजात सांगायचं की आम्ही कोण, अडचण काय, तू काय करायचंस आणि झालं तर आम्ही काय देऊ. आमच्या वाडीत ते घालायचा मान माझा. कांबळे म्हणाला, "मी या भानगडीत पडत नाही. पण बॅग माझी आहे, तेव्हा नीट बोल."

मी हात जोडले आणि आवाज सोडला. "बा जागेवाल्या म्हाराजा, आमी मुंबयहून तुझ्या जाग्यार इलंव. ह्या माझ्या दोस्ताची बॅग खय चुकली आसात, थंयसून ती सुखरूप आणून दी. बॅग गावली की तुका बांगड्याच्या जेवणाचो मान देतलंव." शेजारच्या खोलीतला जर्मन पाहुणा दार उघडून उभा राहिला. शपथेवर सांगतो, समुद्र दोन पावलं मागे सरला. कांबळे म्हणतो ओहोटी होती.

पा नोईच्या मोबाइलला मालवणी झेपेना, म्हणून मी तेच तिला शुद्ध मराठीत सांगितलं. मोबाइलने थाईत ऐकवलं आणि ती एकदम गंभीर झाली. त्यांच्यातही हेच आहे. बोलायचं, काम झालं की फेडायचं. तिच्या चुलतभावाने बोललेलं फेडलं नाही, तर त्याच्या बोटीचं इंजिन तीनदा बंद पडलं. मी म्हटलं, बाई, परब घराण्यात बोललेलं राहत नाही.

खुर्ची

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मंगल उठली. चाळीस डब्यांची सवय. जाग आल्यावर करायचं काय हे तिला कळेना. मी बाहेर येऊन बघतो तर ती अंगण झाडत होती, माडाच्या हिरांची झाडणी, अगदी आपल्यासारखी. पा नोईने येऊन तिच्या हातातली झाडणी काढून घेतली. मंगलने रिकामे हात ओढणीला पुसले. मग मला म्हणाली, "चाय टाकू?" आणि स्वतःच ओशाळली.

त्या दिवशी ती एकूण अकरा वेळा बसली आणि बारा वेळा उठली. पाहुण्यांच्या चपला ओळीत लावल्या. वाळत घातलेले टॉवेल घडी करून ठेवले. पा नोईला कोथिंबीर निवडताना पाहिलं तेव्हा हिची बोटं आपोआप हलायला लागली. मला वाटलं, माझं ड्रॉइंग इथे चुकलं. विमान-बोट सगळं धरलं, पण ही बसणार कशी, ते धरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती बसली. माडाखाली, पाय लांब करून, दोन तास. मी लांबून पाहत होतो, जवळ जायची छाती झाली नाही. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता पडला होता. तो हात मी चौतीस वर्षांत रिकामा पाहिला नव्हता.

मधल्या वेळात मी आणि कांबळे बेट जिंकत होतो. कांबळे माझ्या चड्डीत आणि माझ्या शर्टात, गोळ्या तिथल्याच दुकानातून घेतलेल्या. तिकडे काही बागांत नारळ पाडायला माकडं शिकवलेली असतात. एक माकड माडावर चढून, फळ पिरगळून, खाली पाडून माझ्याकडे अशा नजरेने बघत होतं की मला आमच्या सुपरवायझरची आठवण झाली. कच्च्या पपईची कोशिंबीर लाकडी उखळीत ठेचून देतात. मी फुशारकीने सांगितलं, अजून मिरची घाला, आम्ही मालवणी. त्यानंतर अर्धा तास मी कोणत्याही भाषेत बोललो नाही.

आणि विहार. ते मात्र जसं झालं तसं सांगतो, वर काही चढवत नाही. आम्ही आत गेलो तेव्हा भिक्खूंचं पठण चालू होतं. त्यांचे सूर वेगळे, हेल वेगळे. कांबळे मागे बसला, थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिला, आणि मग त्यांच्याबरोबर म्हणायला लागला. नमो तस्स भगवतो. त्याच्या चाळीतल्या विहारात दर पौर्णिमेला म्हणतात तेच, शब्दाला शब्द. एका म्हाताऱ्या भिक्खूने वळून पाहिलं आणि याच्यासाठी वेग थोडा कमी केला. माझ्या चड्डीतला कांबळे तिथे मला केवढा तरी मोठा दिसला. बाहेर आल्यावर तो इतकंच म्हणाला, "बघ, इथे मला कोणी काही शिकवायची गरज पडली नाही."

बॅग

चौथ्या दिवशी दुपारी बॅग आली. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलातून, सुखरूप, कुलपासकट. कांबळ्याने आनंदाच्या भरात ती अंगणातच उघडली, मंगलच्या खुर्चीसमोर. वरचे कपडे उचलले आणि खालून मालवणी मसाल्याचा वास असा उठला की जर्मनाला शिंक आली.

मंगल उठली नाही. तिने फक्त विचारलं, "ह्यो मसालो कोणासाठी?"

मी भुरभुरण्याचं सांगितलं. ते मला स्वतःलाच पटलं नाही. कांबळे चष्मा पुसायला लागला. आणि नेमकी त्याच वेळी पा नोई हसत आली, मोबाइल पुढे धरून. बॅग मिळाली, उद्या सकाळी मासळीची बोट येते, बांगड्यासारखा मासा सांगून ठेवलाय, स्वयंपाकघर मोकळं करून देते. मोबाइल हे सगळं स्वच्छ मराठीत बोलला. यंत्राला दयामाया नसते.

मंगलने मला गाऱ्हाण्याचे शब्द पुन्हा म्हणायला लावले. मी म्हटले, पण हळू आवाजात. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आजपर्यंत तुमी देवांक जा जा बोललात," ती म्हणाली, "ता सगळा माझ्या चुलीवर शिजला."

मी मोजायला लागलो आणि मोजता येईना. प्राजक्ताच्या दहावीला बोललेलं पाच जणांचं जेवण. माझ्या नोकरीवर गदा आली होती तेव्हाचा कोंबडीचा मान. भावाच्या कोर्टकेशीचं, आईच्या डोळ्याचं. दर वेळी मी छाती पुढे काढून शब्द दिला, शाबासकी घेतली, आणि दर वेळी ही पहाटे उठली. मला कधी वाटलंच नाही की त्यात तिला विचारायचं काही असतं. देवाशी बोलताना मी तिची मजुरी धरून बोलत होतो.

आणि आता ती उठत होती. ओढणी कमरेला खोचत म्हणाली की बोललेलं राहता नये, उद्या सकाळी तासाभराचं काम, करून टाकते. उजवा खांदा डाव्या हाताने दाबत होती.

"बस गो," मी म्हटलं. "बोललो मी. फेडतलंय मी."

कांबळ्याने एवढं मोठं हसणं गिळलं की त्याचं प्रेशर वाढलं असणार. मी साधा चहासुद्धा उतू घालवतो हे त्याला माहीत होतं. मंगल बसली. एवढंच म्हणाली की एक अट, मला काही विचारायचं नाही, कारण सांगणं हेसुद्धा कामच आहे.

फेड

पाचव्या दिवशी सकाळी सातला मी त्या उघड्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. मासा बांगड्याचा धाकटा भाऊच, तशीच तुकतुकीत निळी पाठ. तो साफ करताना मी सुरीऐवजी बोटच जास्त कापलं. नारळ खवायला पा नोईने जे यंत्र दिलं ते बघून मी थक्क झालो. बसायची बुटकी फळी आणि पुढे लोखंडी दाते, म्हणजे आपली गावची आडाळीच, फक्त त्यांनी तिला सशाचा आकार दिलेला. त्यावर कांबळ्याला बसवलं. सोलापूरचा माणूस सशावर बसून नारळ खवतोय हे दृश्य बघायला शेजारच्या तीन घरांतली माणसं आली.

मी रिटायर झाल्यापासून रोज तिचे डबे उचलत आलो होतो, पण त्यांत काय आधी पडतं आणि काय नंतर, हे मला माहीत नव्हतं. ते आता, इथे, घामाने निथळत कळलं. वाटण केलं ते जाडसर राहिलं. मसाला किती, तर मी डोळे मिटून घरातला वास आठवला आणि त्या वासापर्यंत चमचे घातले. तिरफळं ठेचून टाकली. कोकमं टाकली. उकळी आली तेव्हा मी पातेल्यावर असा वाकलो की पहिला जॉब मापून घेतानासुद्धा तेवढा वाकलो नव्हतो. मधूनमधून मान वळवून बघायचो. मंगल माडाखाली होती. तिला वास येत होता, तिच्या नाकपुड्या सांगत होत्या, काय कमी, काय जास्त, सगळं तिला कळत होतं. पण तिने शब्द काढला नाही. मला वाटतं त्या सकाळी आम्हा दोघांत जास्त कष्टाचं काम तिचंच होतं.

अकराला पहिली वाटी आणि भाताची मूद त्या छोट्या देवळापुढे ठेवली. या वेळी मी आवाज सोडला नाही. झालं ते मान्य करून घे, एवढंच म्हटलं, आणि पुढे काही द्यायचं बोललो नाही.

मग पानं घेतली. पा नोई, तिचा नवरा, कांबळे, जर्मन, सगळे त्या लांब टेबलाशी. मंगलचं पान मी वाढलं. ती बसूनच होती आणि मी उभा होतो, आणि कुठे उभं राहायचं हे मला कळत नव्हतं. पा नोईने एक घास खाल्ला, भुवया उंचावल्या, आणि मोबाइलवर विचारलं की हे तुमच्या घरी कोण बनवतं.

मंगल म्हणाली, "आज माझ्या घोवान केल्यान." मोबाइलला कळलं नाही, तिने ते पुन्हा मराठीत सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून. एकतीस वर्षांत मला वर्कशॉपमध्ये दोनदा शाल मिळाली होती. या बोटापुढे त्या दोन्ही काही नाहीत, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

मग तिने स्वतः पहिला घास घेतला. वाटण जाड, मासा एका बाजूने मोडलेला, हे मला दिसत होतं. ती चावत राहिली. टेबलावरचे सगळे, जर्मनसुद्धा, तिच्याकडे बघत होते.

"मीठ कमी असा," ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

उठली नाही. मीठ आणायला मी गेलो.